नेब्युलायझर कोणता घ्यायचा? दम्याच्या मुलांसाठी मंडळांनी विचारलेला प्रश्न आणि न विचारलेले प्रश्न

जयंती जवळ आली की वस्तीतल्या मंडळांच्या बैठकांत एक विषय हमखास निघतो. डीजेचा खर्च कमी करून समाजाच्या उपयोगाचे काय करायचे? कुणी वह्या-पुस्तके सुचवते, कुणी रक्तदान, कुणी नेत्रतपासणी. आमच्या भागात आता या यादीत एका यंत्राची भर पडली आहे, ते म्हणजे नेब्युलायझर. कारण उघड आहे. हिवाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाला दर दोन-चार घरांत एखादे लेकरू रात्री धापा टाकत उठते आणि आई-बाप रिक्षा शोधत धावतात.

एका मंडळाने वर्गणी जमवून आम्हाला विचारले, "कोणता घ्यायचा? साधा, की तो नवा, आवाज न करणारा?" प्रश्न सरळ होता, पण उत्तर शोधायला बसलो तेव्हा कळले की आपण गेली कित्येक वर्षे प्रश्नच अर्धवट विचारत आलो आहोत. आम्हीही त्यात आलो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका दवाखान्याला असेच एक यंत्र भेट दिले होते. फोटो काढले, हार घातले. पुढच्या हिवाळ्यात गेलो तर यंत्र कपाटात होते. नळी चिरली होती, फिल्टर कुणी बदलला नव्हता आणि मुलांचा मास्क हरवला होता. चूक दवाखान्याची जेवढी होती तेवढीच आमचीही होती.

'वाफ' म्हणजे वाफ नव्हे

आपल्याकडे नेब्युलायझर लावण्याला 'वाफ देणे' म्हणतात. या शब्दामुळे मोठा घोळ होतो. पाणी उकळून घेतलेल्या वाफाऱ्याने दम्याचा झटका थांबत नाही, उलट लहान मूल भाजण्याचा धोका असतो. दम्याच्या झटक्यात श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, नळ्या आतून सुजतात आणि चिकट कफ साचतो. स्नायू सैल करणारे औषध, म्हणजे साल्ब्युटामोल, थेट त्या नळ्यांपर्यंत पोहोचवायचे असते. त्यासाठी औषधाचे कण १ ते ५ मायक्रॉन एवढे बारीक लागतात. त्याहून मोठे कण घशात अडकतात, फारच बारीक असतील तर बरेचसे उच्छ्वासासोबत बाहेर पडतात. नेब्युलायझरचे काम एवढेच, पातळ औषधाचे असे बारीक तुषार करणे. औषध आत असते म्हणून उपयोग होतो. यंत्र हे औषध नव्हे, वाहन आहे. आता या वाहनांची तुलना करू.

चार प्रकारची यंत्रे

पहिला जेट नेब्युलायझर. कॉम्प्रेसरमधून किंवा ऑक्सिजनच्या सिलिंडरमधून जोरात येणारी हवा अरुंद छिद्रातून जाते, औषध वर ओढते आणि त्याचे तुषार करते. स्वस्त आणि टिकाऊ असल्याने बहुतेक सरकारी व खासगी दवाखान्यांत हाच असतो. त्याच्या उणिवाही आहेत. एका डोसला साधारण दहा मिनिटे लागतात. आवाज मोठा असल्याने लहान मुले घाबरतात. वाटीच्या तळाशी जवळपास एक मिलिलिटर औषध शिल्लकच राहते. मूल श्वास सोडत असतानाही तुषार चालूच असल्याने बरेच औषध हवेत जाते. फुप्फुसापर्यंत पोहोचणारा हिस्सा ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या आसपास असतो.

दुसरा अल्ट्रासोनिक. यात स्फटिकाच्या वेगवान कंपनांनी तुषार तयार होतात. आवाज कमी, पण औषध तापते. ब्युडेसोनाइडसारखे, द्रवात न विरघळता तरंगणारे औषध यातून नीट जात नाही. म्हणून मुलांच्या दम्यासाठी तो फारसा उपयोगाचा नाही.

तिसरा मेश नेब्युलायझर, म्हणजे मंडळाने विचारलेला 'नवा'. हजारो सूक्ष्म छिद्रांची जाळी कंप पावते आणि औषध त्यातून बाहेर येते. आवाज जवळजवळ नसतो, बॅटरीवर चालतो, वाटीत औषध फारसे उरत नाही आणि फुप्फुसात जेटपेक्षा जास्त पोहोचते. पण किंमत जास्त, जाळी नाजूक. रोज नीट धुतली नाही तर छिद्रे बुजतात आणि जाळी गेली की नवी घेण्याचा खर्च मोठा. शिवाय जास्त औषध पोहोचते म्हणजे जुन्याच मात्रेने मुलाची छाती अधिक धडधडू शकते, हात थरथरू शकतात. त्यामुळे चालवणाऱ्याला ते माहीत असावे लागते.

चौथा श्वासानुसार चालणारा, म्हणजे मूल श्वास आत घेते तेव्हाच औषध सोडणारा. औषध वाया जात नाही. मात्र झटका जोराचा असेल तर अगदी लहान मुलाचा श्वास यंत्र चालू करण्याइतका जोरकस असेलच असे नाही.

अमेरिकेतल्या आपत्कालीन कक्षांमध्ये मुलांवर झालेल्या काही अभ्यासांत मेश आणि श्वासानुसार चालणाऱ्या यंत्रांनी साध्या जेटपेक्षा चांगला परिणाम दाखवला आहे. तेव्हा फरक खरा आहे. 'सगळी यंत्रे सारखीच' असे आम्ही म्हणणार नाही. पण ही तुलना यंत्राची यंत्राशी झाली. त्यात एक स्पर्धक बाहेरच राहिला.

तुलनेतून सुटलेली साधी नळी

हा स्पर्धक म्हणजे साधा पंप, अर्थात इनहेलर, आणि त्याला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर. पंपाचा एक पफ स्पेसरमध्ये सोडायचा आणि मुलाने मास्कमधून किंवा तोंडाने पाच-सहा श्वास शांतपणे घ्यायचे. वीज लागत नाही, आवाज नाही, दुरुस्ती नाही.

२०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात दम्याच्या झटक्यात नेब्युलायझर आणि स्पेसर यांची तुलना करणारे, १८९७ मुले आणि ७२९ प्रौढांवरचे ३९ अभ्यास एकत्र तपासले गेले. दवाखान्यात दाखल करावे लागण्याचे प्रमाण दोन्हींत सारखेच निघाले. मुलांच्या बाबतीत स्पेसर काही बाबींत सरस ठरला. नेब्युलायझर लावलेली मुले आपत्कालीन कक्षात सरासरी १०३ मिनिटे राहिली, स्पेसरवाली मुले त्याहून ३३ मिनिटे कमी. नाडीची धडधड आणि थरथरही स्पेसरमध्ये कमी होती. जिवावर बेतलेल्या झटक्यांची मुले या अभ्यासांत नव्हती. त्याबद्दल पुढे बोलू. पण सौम्य आणि मध्यम झटक्यांसाठी, म्हणजे बहुसंख्य मुलांसाठी, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आज पंप-स्पेसरलाच पहिली पसंती देतात.

स्पेसर विकत घेण्याची ऐपत नसेल तर काय? या प्रश्नाचे उत्तर दक्षिण आफ्रिकेने दिले आहे. वर्णभेदाची राजवट संपून पाच वर्षे झाली होती. केपटाउनमधल्या डॉक्टरांनी थंड पेयाच्या अर्ध्या लिटरच्या रिकाम्या बाटलीला पंप बसेल असे छिद्र पाडले, सांधा चिकटवून बंद केला आणि झटका आलेल्या मुलांना त्यातून औषध दिले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात चिकटवलेली बाटली कंपनीच्या स्पेसरइतकीच परिणामकारक ठरली. थर्माकोलचा पेला मात्र कमी पडला. म्हणजे 'काहीही चालते' असा हा जुगाड नव्हता. चार पर्याय ठेवून, मोजून, तपासून काढलेले उत्तर होते. गरिबांसाठीच्या विज्ञानातही मोजमाप तेवढेच काटेकोर लागते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

२०२० मध्ये कोरोना आला तेव्हा नेब्युलायझरच्या तुषारांमधून विषाणू पसरण्याच्या भीतीने जगभरच्या दवाखान्यांना शक्य तिथे नेब्युलायझर टाळून पंप-स्पेसर वापरायला सांगितले गेले. अनेक ठिकाणी तेव्हा जे जमले ते साथ ओसरल्यावर पुन्हा मागे पडले.

मग यंत्र नकोच का?

असे अजिबात नाही. मूल दोन शब्दही सलग बोलू शकत नाही, बरगड्यांमधली आणि गळ्याखालची जागा श्वासागणिक आत ओढली जाते, ओठ निळसर पडतात, मूल ग्लानीत जाते, किंवा घरघर अचानक थांबून छाती शांत होते, ही सगळी गंभीर झटक्याची चिन्हे आहेत. छाती शांत होणे म्हणजे बरे वाटणे नव्हे. हवा आत-बाहेरच होत नाही, असा त्याचा अर्थ. अशा मुलाला नेब्युलायझर लागतो आणि तो ऑक्सिजनवर चालणारा लागतो. घरगुती कॉम्प्रेसर खोलीतली साधी हवाच देतो. रक्तातला ऑक्सिजन घसरलेल्या मुलाला नुसत्या हवेवर साल्ब्युटामोल दिले तर ऑक्सिजनची पातळी काही काळ आणखी खाली जाऊ शकते. म्हणून मिनिटाला ६ ते ८ लिटर ऑक्सिजनवर जेट चालवतात, सोबत इप्राट्रोपियम हे दुसरे औषध देतात आणि पहिल्या तासातच स्टेरॉइडचा डोस देतात. नळ्यांची सूज उतरवायला स्टेरॉइडला काही तास लागतात, म्हणून ते जितके लवकर तितके बरे.

इथे कोरोनाकाळातला आणखी एक धडा आठवतो. दुसऱ्या लाटेत अनेक संस्थांनी पाच लिटरचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वाटले. पण जेट नेब्युलायझर चालवण्याइतका दाब त्यांतून साधारणतः मिळत नाही. भेट देताना कुणी हे विचारले नव्हते.

आम्ही रात्रीच्या वेळी आपत्कालीन कक्षांत लेकरांसोबत बसलो आहोत. सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट यंत्राची जात नव्हे, यंत्राचा वापर होती. रडणाऱ्या मुलाच्या तोंडापासून दोन बोटे लांब मास्क धरून आई बसलेली असते. मास्क चेहऱ्याला टेकलेला नसेल आणि मूल रडत असेल तर औषधाचा फार थोडा हिस्सा आत जातो. तिला हे कुणी सांगितलेले नसते. एकच मास्क नुसता पुसून पुढच्या मुलाला लागतो. वाटी तिरपी धरल्याने तुषार थांबलेले असतात आणि यंत्राचा आवाज मात्र चालू असतो. आवाज चालू म्हणजे उपचार चालू, असा सगळ्यांचा समज. दहा हजारांचे यंत्र आणले तरी या चुका तशाच राहतील.

यंत्राचे आकर्षण का?

समाजशास्त्राच्या अंगाने पाहिले तर यंत्र जिंकते त्याला कारणे आहेत. छोट्या खासगी दवाखान्यांत प्रत्येक 'वाफे'चे पैसे घेता येतात. पंप वापरायला शिकवण्यात गेलेल्या दहा मिनिटांचे पैसे कुणी देत नाही. गर्दीच्या सरकारी कक्षात मास्क लावून पुढच्या रुग्णाकडे वळता येते, स्पेसर मात्र कुणीतरी शेजारी उभे राहून द्यावा लागतो. आई-बापांनाही मोठे यंत्र म्हणजे मोठा उपचार वाटतो. त्यात पंपाबद्दलची भीती: 'एकदा लागला की सुटत नाही', 'मुलीला पंप आहे कळले तर स्थळ कसे येणार'. पंपातली मात्रा गोळीपेक्षा कितीतरी कमी असते आणि ती थेट जागेवर जाते, हे सांगणारे कुणी नसते. म्हणून मुलीचा पंप लपवला जातो, नियमित घ्यायचे औषध बंद पडते आणि पुढचा झटका अधिक जोराचा येतो.

घरी यंत्र आणून ठेवण्यात आणखी एक धोका आहे. मूल खालावत असताना घरीच एकामागून एक 'वाफा' दिल्या जातात आणि दवाखान्यात जायला उशीर होतो. झटका थोपवणारे औषध आणि दमा आटोक्यात ठेवणारे औषध ही दोन वेगळी औषधे आहेत. दुसरे, म्हणजे श्वासातून रोज घ्यायचे स्टेरॉइड, मुलांना झटक्यांपासून आणि मृत्यूपासून वाचवते. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असा 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' अभ्यासाचा अंदाज आहे. ही तफावत नेब्युलायझरच्या प्रकाराने पडलेली नाही. रोजचे औषध न मिळाल्याने, न घेतल्याने आणि उशिरा पोहोचल्याने पडलेली आहे. ६ मे २०२५ च्या जागतिक दमा दिनाचा विषयही श्वासातून घ्यायची औषधे सर्वांना मिळावीत हाच होता.

हवा, वस्ती आणि किंमत

आपली मुले अशा झटक्यांपर्यंत पोहोचतात कशी, हे न बोलता यंत्रांची चर्चा अपुरी राहील. वारा कुठून वाहतो हे पाहून आपली वस्ती गावाच्या कोणत्या अंगाला असावी हे ठरवणारा गावगाडा आपल्या आजोबांनी भोगला. शहरात आलो तर वाट्याला काय आले? १९२७ साली बाबासाहेब महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी उभे राहिले. त्याच साली मुंबईत देवनारचे डम्पिंग ग्राउंड सुरू झाले. जानेवारी २०१६ मध्ये त्याला लागलेल्या आगीचा धूर दिवसेंदिवस गोवंडी-मानखुर्दवर होता. हाच एम पूर्व विभाग महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात तळाशी होता. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, ते शहर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या बिघडलेल्या हवेची उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. जागतिक आरोग्य संघटना पीएम २.५ या सूक्ष्म धुळीची वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी म्हणते, आपल्या देशाचे मानक ४० आहे.

आणि औषध? ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने आठ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या. त्यात साल्ब्युटामोलच्या गोळ्या होत्या आणि नेब्युलायझरमध्ये घालायचे साल्ब्युटामोलचे द्रावणही. उत्पादन परवडत नाही म्हणून कंपन्या औषध बनवणेच थांबवतील, असे कारण दिले गेले. स्वस्त औषधाचा तुटवडा होऊ नये हे खरे, पण हवा बिघडवणाऱ्यांकडून वसुली होत नाही आणि वाढीव किंमत मात्र धाप लागलेल्या लेकराच्या घरातून जाते. यावर आपल्या व्यासपीठांवर किती चर्चा झाली?

मंडळांनी काय करावे

त्या मंडळाला आम्ही दिलेले उत्तर इथे सर्वांसाठी मांडतो.

एक, महागडे यंत्र घेण्याआधी त्याच पैशांत मास्कसह किती स्पेसर येतील ते पाहा. काही शे रुपयांना एक मिळतो. दम्याचे निदान झालेल्या वस्तीतल्या प्रत्येक मुलाकडे स्वतःचा स्पेसर असू द्या. कोणता पंप, किती पफ, किती वेळाने, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घरात, शाळेत, बालवाडीत लावा.

दोन, यंत्र द्यायचेच असेल तर आधी तीन प्रश्न विचारा: तिथे ऑक्सिजन आहे का, नळ्या-मास्क-फिल्टर बदलण्याचा वर्षाचा खर्च कोण करणार, रात्री ते चालवणारे माणूस असते का? तिन्हींची उत्तरे 'होय' असतील आणि गर्दी मोठी असेल, तर मेशचाही विचार जरूर करा. नाही तर चांगला जेट आणि पुरेसे वेगवेगळे मास्क पुरेत.

तीन, दान देऊन थांबू नका, हक्क मागा. तुमच्या भागातला आपला दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय यांना माहिती अधिकारात विचारा: मुलांचे स्पेसर किती, साल्ब्युटामोल आणि ब्युडेसोनाइडचे पंप गेल्या वर्षात किती दिवस संपलेले होते, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर मुलांच्या मापाचे आहे का? ही औषधे राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.

चार, विहारात रविवारी तासभर शिबिर घ्या. स्पेसर कसा धरायचा, मास्क कसा टेकवायचा, गंभीर झटक्याची चिन्हे कोणती, १०८ ला कधी फोन करायचा, हे आशाताईंना आणि परिचारिकांना बोलावून शिकून घ्या. ज्या विहारात आपण मुलांना श्वासावर लक्ष ठेवायला शिकवतो, तिथे ज्या मुलाला श्वासच पुरत नाही त्याच्यासाठी एवढे व्हायला हवे.

पाच, आपले घर आधी. बंद विहारात वंदनेच्या वेळी अगरबत्त्यांचे जुडगे पेटवणे आणि जयंतीला फटाक्यांच्या माळा लावणे, या दोन्हींचा धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो. फुले आणि एक मेणबत्ती पुरे आहे. दुसऱ्यांच्या सणांतल्या धुराबद्दल आपण बोलतो, ते बोलण्याचा अधिकार आपल्याला यातूनच मिळेल.

विनयातली एक गोष्ट आपल्याला माहीत आहे. मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासोबत स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून निजवले आणि मग संघाला विचारले की याची काळजी तुमच्यापैकी कुणी का घेतली नाही. त्यांनी तिथे काही भेट दिली नाही, शेजारी उभे राहून काम केले. स्पेसरचेही तसेच आहे. तो स्वस्त आहे, पण शेजारी बसणारे, शिकवणारे, पुन्हा पुन्हा येऊन पाहणारे माणूस मागतो.

त्या मंडळाने शेवटी साधा जेट एक आणि स्पेसर बरेच असा निर्णय घेतला. कोणत्या मुलाच्या घरी कोणता कार्यकर्ता महिन्यातून एकदा जाईल, याची यादीही केली. आम्हाला यंत्रापेक्षा ती यादी मोलाची वाटते. तुमच्या वस्तीत अशी यादी केलीत तर आम्हाला जरूर कळवा, आणि कुठे अडले तेही कळवा.

जय भीम, नमो बुद्धाय.